शंभर नंबर फिरविण्यापूर्वी

शौल राजाच्या भयाने पळालेला दावीद गाथ नगरीत आखीश राजाच्या आश्रयास गेला, आणि तेथे आपण ओळखले गेलो असे कळताच त्याने वेड पांघरले, ही कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचली आहे. वेशीच्या दारांवर ओरखडे काढणारा आणि दाढीवर लाळ गाळणारा तो पुरुष पाहून आखीश आपल्याच सेवकांवर रागावला. आपल्या पदरी वेड्यांचा तुटवडा नसताना हा आणखी एक कशाला आणलात, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. वर्गात ही कथा सांगितली की मुले हसतात आणि आम्हीही पुष्कळ वर्षे त्यांच्याबरोबर हसत आलो. (किर्यात गात येथील आपल्या बांधवांनी आपल्या गावाच्या नावाचा अभिमान जरूर बाळगावा, पण मूळ गाथ नगरी तेथे नसून थोडी दूर, तेल साफीच्या टेकडीवर होती, असे संशोधक आता मानतात.) हल्ली मात्र ही कथा शिकविताना आमचे लक्ष दाविदाकडे न जाता आखीशाकडे जाते. त्याने त्या वेड्यास मारले नाही, बेडीही घातली नाही. त्याची तक्रार एवढीच होती की, याला माझ्याकडे का आणले? हीच तक्रार तीन हजार वर्षांनंतर आमच्या परिचयाच्या एका मातेने चार निरनिराळ्या कचेऱ्यांत ऐकली.

या बाई दक्षिणेकडील एका गावी राहतात. नाव आणि गाव आम्ही लिहीत नाही, आणि वाचकांनीही ते शोधू नये. पती निवर्तलेले, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि धाकटा मुलगा घरी. सैन्यातील नोकरी संपवून आल्यावर दोन-तीन वर्षांत त्याचा आजार सुरू झाला. प्रथम तो रात्री झोपेना. मग शेजारी भिंतीतून आपले बोलणे ऐकतात असे म्हणू लागला. पुढे घरचे अन्न खाईना. एकदा इस्पितळात राहून तो बराच सुधारून आला. काही काळाने त्याने गोळ्या सोडल्या आणि पहिले पाढे पंचावन्न झाले.

पुढील आठ महिन्यांत त्या मातेने काय केले ते ऐका. ती कुपात होलीमच्या दवाखान्यात गेली. तेथे सांगितले, त्याला घेऊन या. तो यावयास तयार असता तर ती एकटी कशास गेली असती? ती नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात गेली. तेथील समाजसेविका भली होती, परंतु हे आरोग्य खात्याचे काम आहे असे तिने सांगितले. ती पोलीस ठाण्यावर गेली. तेथे विचारले, त्याने काही गुन्हा केला आहे काय? नाही ना, मग आम्ही काय करणार? पुन्हा दवाखाना. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच होते, हे येथे नमूद करणे आम्हांस न्याय्य वाटते. तिने एलियाहू हन्नाबीचा मलिदाही केला. बहिणींना मात्र तिने मलिद्याचे कारण सांगितले नाही. घरात असे माणूस आहे असे कळले तर नातींच्या सोयरिकींस बाधा येईल, ही भीती. आपल्या समाजात ही भीती किती घरांत दडून बसली आहे, ते आम्ही शिक्षक म्हणून जाणतो.

अखेर एका गुरुवारी रात्री त्या मुलाने शेजाऱ्याच्या दारावर लोखंडी सळईने प्रहार करण्यास आरंभ केला. मातेने शंभर नंबर फिरविला. दोन शिपाई आले. गणवेश पाहताच मुलगा अधिकच बिथरला, त्याने एका शिपायास ढकलले आणि तो शिपाई जिन्यात पडला. मुलास बेड्या पडल्या. ज्या मुलास इस्पितळात नेण्यासाठी तिने मदत मागितली, त्याच्यावर कर्तव्य बजावीत असलेल्या पोलिसावर हल्ला केल्याचा आरोप आला. त्या रात्री कोठडीत त्याला औषध मिळाले नाही. शुक्रवारी सकाळी बाईंनी आम्हांस फोन केला. त्यांचे हिब्रू बाजारापुरते आहे. "मास्तर, मी माझ्याच हाताने त्याला बेडी घातली हो," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

या घरावर आले ते निराळे आहे असे कोणी समजू नये. जानेवारी २०१९ मध्ये बात याम येथे यहुदा बियादगा हा मानसिक आजार असलेला चोवीस वर्षांचा इथिओपियन वंशाचा तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्याच्या हातात सुरी होती, हे खरे; आणि त्यानंतर तेल अवीवच्या रस्त्यांवर त्याच्या समाजाचे हजारो लोक उतरले, हेही खरे. गोळी झाडणाऱ्या पोलिसाचे चुकले की नाही या वादात आम्ही शिरत नाही. तो प्रसंग येण्यापूर्वीच्या महिन्यांत कोणी काय करावयास हवे होते, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या लहानपणी ठाण्यास राहत असताना या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळे. १९०१ साली उघडलेले तेथील मनोरुग्णालय साऱ्या मुंबई इलाख्यात इतके प्रसिद्ध होते की "याला ठाण्याला पाठवा" एवढे म्हटले की अर्थ कळे. आम्ही ठाणेकर असल्याने मुंबईच्या नातलगांची ही थट्टा प्रत्येक लग्नात सोसावी लागे. त्या उंच भिंतींमागे गेलेला मनुष्य कित्येकदा परत येतच नसे. त्या काळाची हळहळ आम्हांस मुळीच नाही. पण भिंत पाडली म्हणजे भिंतीमागचे काम संपत नाही. ते दवाखाना, नगरपालिका, पोलीस आणि न्यायालय यांच्यात वाटले जाते, आणि वाटणी नीट झाली नाही तर ते मातेच्या अंगावर पडते.

इस्राएलमधील वाटणी कशी आहे ते आता पाहू. कायदा बरा आहे, असे आमचे मत तो वाचून झाले. १९५५ चा जुना कायदा जाऊन १९९१ साली मनोरुग्णांच्या उपचारांसंबंधी नवा कायदा आला. त्यात जिल्हा मनोवैद्य नावाचा आरोग्य खात्याचा अधिकारी आहे. हिब्रूत त्यास पसिखियातर मेहोझी म्हणतात. आजारामुळे ज्याची विवेकबुद्धी ढळली आहे, ज्याच्यापासून स्वतःस अगर इतरांस तात्काळ शारीरिक धोका आहे आणि जो तपासणीस नकार देतो, अशा माणसाची तातडीने सक्तीची तपासणी करण्याचा हुकूम हा अधिकारी देऊ शकतो. तात्काळ धोका नसला तरीही दार बंद नाही. रोग्यास स्वतःच्या मूलभूत गरजा भागविता येत नसतील, तो मालमत्तेची गंभीर हानी करीत असेल, किंवा इतरांस असा तीव्र मानसिक त्रास देत असेल की त्यांचे जगणे विस्कळीत व्हावे, तर त्यासही कायद्यात जागा आहे. हे शेवटचे वाक्य आम्ही त्या बाईंना मराठीत समजावून सांगितले, तेव्हा त्या कितीतरी वेळ गप्प राहिल्या. आपला त्रास सरकारच्या पुस्तकात लिहिलेला असेल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते.

तपासणीनंतर गरज दिसल्यास तातडीच्या प्रसंगी सात दिवसांपर्यंत इस्पितळात ठेवण्याचा हुकूम निघतो, आणि तो आणखी सात दिवस वाढविता येतो. त्यापुढे एक समिती निर्णय करते. न्यायाधीश होण्यास पात्र असा कायदेपंडित तिचा अध्यक्ष असतो आणि दोन मनोवैद्य तिचे सभासद. ती प्रथम तीन महिन्यांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी सहा महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. रोग्यास समितीपुढे वकील मिळावा, तोही सरकारी खर्चाने, अशी दुरुस्ती २००४ साली झाली. माणसाचे स्वातंत्र्य काढून घ्यावयाचे तर ते असेच, मोजून मापून आणि वारंवार विचारून काढले पाहिजे.

त्या मातेने आठ महिने चार दारे ठोठावली. पण पाचव्या दारावर जिल्हा मनोवैद्याची पाटी आहे, हे तिला पहिल्या चारांपैकी एकानेही सांगितले नाही. दोष कायद्याचा नव्हे. दवाखाने १ जुलै २०१५ च्या सुधारणेपासून चार कुपात होलीमांच्या जबाबदारीत आले. जिल्हा मनोवैद्य आरोग्य खात्याच्या जिल्हा कचेरीत. समाजकल्याण १९५८ च्या कायद्यानुसार नगरपालिकेकडे. प्रोबेशन अधिकारी समाजकल्याण मंत्रालयाचा, न्यायालय आपल्या जागी. आणि पोलीस? ते राष्ट्राचे, त्यांचा वरिष्ठ यरुशलेममध्ये, आपल्या गावच्या नगराध्यक्षास त्यांच्यावर अधिकार नाही. एकाच रोग्याच्या पाच फाइली पाच कपाटांत असतात. त्यात १९९१ सालीच कौटुंबिक हिंसेस प्रतिबंध करणारा दुसरा कायदा झाला. त्याखाली मिळणारा संरक्षणाचा हुकूम एक-दोन दिवसांत हाती पडतो; म्हणून थकलेले आईबाप पुष्कळदा वैद्याऐवजी न्यायालयाच्या दारी जातात आणि आजारी मुलगा घराबाहेर काढला जातो. तो जातो कोठे? बागेतल्या बाकावर, आणि तेथून कोठडीत.

अमेरिकेत याच्या उलट स्थिती आहे. तेथे पोलीस शहराचे, तुरुंग काउंटीचा, आणि पुष्कळदा दवाखानाही काउंटीचा. खर्च पुष्कळसा स्थानिक तिजोरीतूनच जातो, म्हणून हिशेबही स्थानिक पातळीवर दिसतो. टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात १९८७ साली एका मातेने पोलिसांस बोलाविले. तिचा आजारी मुलगा सुरीने स्वतःस इजा करीत होता. पोलीस आले, आणि त्यांच्या गोळीने तो मुलगा मेला. शहर हादरले. १९८८ साली पोलीस खाते, रोग्यांच्या कुटुंबांची संघटना, विद्यापीठे आणि इस्पितळ एकत्र बसून त्यांनी एक योजना केली. स्वेच्छेने पुढे येणाऱ्या शिपायांस चाळीस तासांचे शिक्षण द्यावयाचे. आवाज कसा खाली ठेवावा, अंतर कसे राखावे, भ्रम झालेल्या माणसाशी वाद का घालू नये, हे त्यांस वैद्य शिकवितात. स्वतः रोगी आणि त्यांचे नातलगही शिकवितात. आम्ही शिक्षकी शिक्षण घेतले तेव्हा वर्गात बिथरलेल्या मुलाशी कसे वागावे याचे जे धडे मिळाले, ते याहून फारसे निराळे नव्हते.

शिक्षणापेक्षाही मोलाची गोष्ट इस्पितळाने कबूल केली. पोलीस कोणासही घेऊन आले तर त्यास नाकारावयाचे नाही, आणि शिपायास खोळंबून ठेवावयाचे नाही. हे वरवर क्षुल्लक दिसते. पण शिपाई हाही माणूस आहे. इस्पितळात सहा तास बसावे लागणार आणि कोठडीत अर्ध्या तासात मोकळे होता येणार, असे असेल तर तो कोठे जाईल? दयेचा मार्ग सोपा केल्यावाचून दया होत नाही, हे मेंफिसच्या लोकांस उमगले.

फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीत हे काम स्टीव्ह लाइफमन या न्यायाधीशाने २००० साली हाती घेतले. तेथे एक गणित मांडले गेले, ते शिक्षकाच्या दृष्टीने फार बोलके आहे. अवघी ९७ माणसे, सर्व गंभीर मनोरुग्ण, पाच वर्षांत सुमारे २,२०० वेळा पकडली गेली आणि त्यांनी २७,००० दिवस तुरुंगात काढले. करदात्यांचा खर्च एक कोटी तीस लक्ष डॉलरच्या आसपास झाला, आणि बरे कोणीच झाले नाही. त्यानंतर तेथील हजारो पोलिसांना मेंफिसच्या पद्धतीचे शिक्षण देण्यात आले. लहान गुन्ह्यात सापडलेल्या रोग्यास तुरुंगातून काढून उपचाराकडे वळविण्यासाठी न्यायालय, दवाखाना आणि निवाऱ्याची सोय जोडून दिली गेली. २०१० पासूनच्या दशकात अशा प्रसंगी पोलिसांस हजारोंनी हाका आल्या. अटका दोनशेच्या आत राहिल्या. तुरुंगातील कैद्यांची सरासरी संख्या सुमारे ७,२०० वरून ४,००० च्या आसपास आली आणि एक तुरुंग बंद करता आला.

अर्थात अमेरिकेतही सगळेच सुरळीत आहे असे नव्हे. ओरेगॉन राज्यातील यूजीन शहरात १९८९ पासून पोलिसांऐवजी एक परिचारक आणि एक समुपदेशक गाडी घेऊन जात असत. साऱ्या देशाने ज्याचे अनुकरण केले, ते काम पैशाअभावी त्याच शहरात एप्रिल २०२५ मध्ये थांबले. असो.

भारतानेही या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले, हे लिहिण्यास आम्हांस आनंद वाटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर कर्तव्य घातले आहे की, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णास कोठडीत ठेवावयाचे नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावयाचे. प्रत्यक्षात किती ठाण्यांत हे पाळले जाते, तो प्रश्न वेगळा. पण नियम तर आहे. आपल्या धर्मशास्त्रातही तो दुसऱ्या रूपाने आहे. मिश्नेतील बावा कामा या ग्रंथात सांगितले आहे की, वेड्यास जो इजा करील तो भरपाईस पात्र, पण वेड्याने इजा केली तर तो पात्र नाही. वेडा कोणास म्हणावे याची लक्षणे तालमूदच्या हागिगा ग्रंथात दिली आहेत: रात्री एकटाच बाहेर हिंडणे, कबरस्तानात झोपणे, अंगावरचे कपडे फाडणे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी गुन्हेगार आणि रोगी यांची ताटातूट केव्हाच केली होती.

आता बेर शेवाकडे येऊ. २०१४ च्या अखेरीस तेथील न्यायालयात इस्राएलमधील पहिले सामाजिक न्यायालय सुरू झाले. त्याची कल्पना न्यूयॉर्कमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या अशाच न्यायालयावरून घेतली होती. बेर शेवानंतर रामला येथे आणि मग इतरत्रही ही न्यायालये निघाली. हे वेड्यांसाठीचे न्यायालय नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. ज्यास खटला समजतच नाही, किंवा कृत्याच्या वेळी ज्यास आपण काय करतो याचे भानच नव्हते, त्याची वाट निराळी; १९९१ च्या कायद्यानुसार न्यायालय त्याची मनोवैद्याकडून तपासणी करविते आणि शिक्षेऐवजी उपचाराचा हुकूम देते. सामाजिक न्यायालयात येतो तो आपली चूक कबूल करणारा, तुरुंगवासाची टांगती तलवार असलेला, आणि ज्याच्या गुन्ह्यामागे व्यसन, दारिद्र्य, कर्ज किंवा आजार आहे असा मनुष्य. तेथे सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन अधिकारी आणि नगरपालिकेचे समाजकल्याण खाते मिळून त्याच्यासाठी एक योजना आखतात. न्यायाधीश त्यास काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा बोलावितो आणि विचारतो, कसे चालले आहे?

आमच्या या मातेचा मुलगा कोठडीतून इस्पितळात गेला. औषधे सुरू झाली, भान आले, आणि आपण काय केले ते कळून तो फार रडला. खटला समजण्याइतका तो सावरला होता, म्हणून वकिलाने त्याचे प्रकरण बेर शेवाच्या या न्यायालयाकडे नेले. पहिल्या तारखेस आम्ही दुभाषा म्हणून बाईंबरोबर गेलो. जी माणसे तिने आठ महिने निरनिराळ्या कचेऱ्यांत शोधली, ती सर्व त्या दिवशी एका मेजाभोवती बसली होती. दवाखान्याचे पत्र होते. समाजसेविका तर तीच होती, भली. तिने बाईंचा हात धरला. आम्हांस आनंद झाला, आणि तितकाच रागही आला. हे मेज मांडावयास एका शिपायाने जिन्यात पडावे लागते काय? आठ महिन्यांपूर्वी, गुन्हा घडण्याच्या आधी, नगरपालिकेच्या एखाद्या खोलीत ते मांडता आले नसते काय? पोलिसांचा वरिष्ठ यरुशलेममध्ये असला तरी गावच्या ठाण्याचा अधिकारी गावातच असतो. जिल्हा मनोवैद्याच्या कचेरीत टेलिफोन आहे. महिन्यातून एक सकाळ या पाच जणांनी एकत्र बसावे आणि गावातील बिकट घरांची यादी पुढे ठेवावी, यास नवा कायदा लागत नाही. रोग्याचे गुपित जपण्याचे नियम आड येतात, असे आम्हांस सांगण्यात आले. ते नियम योग्यच आहेत. पण कुटुंबाने लेखी संमती दिली तर कुटुंबाची हकिकत तरी ऐकता येते. नगरपालिकेच्या निवडणुकीत आपल्या लोकांची मते मागावयास उमेदवार येतात, तेव्हा त्यांना रस्त्यांबरोबर हेही विचारावे.

तोवर ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे, त्यांनी एक वही घालावी. कोणत्या तारखेस काय घडले, कोणी पाहिले, जेवण कधी सोडले, धमकी कोणत्या शब्दांत दिली, हे थोडक्यात लिहावे. जिल्हा मनोवैद्यास वर्णन लागते, आणि "तो फार त्रास देतो" याने त्याचे काम भागत नाही. हिब्रूत लिहिता येत नसेल तर शिकलेल्या नातवंडास किंवा आमच्यासारख्या एखाद्या शिक्षकास सांगावे, लाजू नये. रामला-लोदकडील मंडळींसाठी मध्य जिल्ह्याची कचेरी, बेर शेवा-दिमोनाकडील मंडळींसाठी दक्षिण जिल्ह्याची. प्राणावरच बेतले असेल तर शंभर नंबर फिरवावाच, पण पहिल्या वाक्यात सांगावे की हा मनुष्य आजारी आहे, त्याचा आजार कोणता, हातात शस्त्र आहे की नाही, आणि त्याच्याशी बोलू शकेल असे कोण घरात आहे. १०१ वर रुग्णवाहिकाही मागावी. आणि रात्री कोणाशी नुसते बोलावयाचे असेल तर १९७१ पासून चालत आलेली एरान ही संस्था १२०१ या क्रमांकावर ऐकून घेते.

बरे वाटू लागल्यावर काम संपले असे समजण्याची चूक पुष्कळजण करतात. २००० सालच्या पुनर्वसन कायद्याखाली, अठरा वर्षांवरील ज्या व्यक्तीस मनाच्या आजारामुळे निदान चाळीस टक्के अपंगत्व ठरले आहे, तिला घर, काम आणि सोबती यांची मदत मिळू शकते. याला साल शिकूम म्हणतात. अर्ज करावा लागतो, समितीपुढे जावे लागते. आपल्यातील काही लोक "टक्के" लागतील म्हणून अर्जच करीत नाहीत. टक्के कपाळावर लिहिले जात नाहीत.

गेल्या तारखेस आम्ही पुन्हा गेलो होतो. मुलगा आता आठवड्यातून तीन दिवस एका कारखान्यात खोकी जुळविण्याचे काम करतो आणि महिन्यास एकदा दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतो. न्यायाधीशांनी त्यास विचारले की, शेजाऱ्याच्या दाराचे काय झाले? त्याने सांगितले की पगारातून पैसे देऊन दार दुरुस्त करून दिले; शेजारी अजून बोलत नाही, पण परवा त्याने मान हलविली. हिब्रूत झालेले हे सर्व बाईंनी आमच्याकडून मराठीत ऐकून घेतले. "मान हलविली ना," त्या म्हणाल्या, "मग या शब्बाथला त्यांच्याकडे थोड्या करंज्या पाठविते." पुढची तारीख सुक्कोथनंतरची आहे.